घरची गाडी : आत जागा किती, बसायला सुख किती



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मंडपात शिरण्याआधी आम्ही मागच्या मैदानात बराच वेळ रेंगाळलो. जुन्या सभासदांना आठवत असेल, एके काळी याच मैदानात बैलगाड्या सोडलेल्या असत आणि बाभळीला बांधलेल्या बैलांपुढे वाढे टाकलेले असे. पुढे सायकली आल्या, राजदूत आणि बुलेट आल्या. चारचाकी म्हणजे एखादी जीप, नाहीतर ॲम्बॅसिडर. आता मैदान भरून गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाते. सभासदाच्या दारात गाडी आली याचा आम्हांस आनंदच आहे.

पण सभा सुटल्यावर एक प्रसंग पाहिला. सात माणसांच्या एका गाडीत नऊ माणसे बसत होती. कर्ते पुरुष पुढे, त्यांचे बंधू आणि पाहुणे मधल्या रांगेत. आणि पाठीमागच्या दारातून, जिथून आपण खताची पोती आत टाकतो तिथून, सत्तरीच्या एक आजी आत चढत होत्या. मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी. नातू म्हणाला, "आज्जे, सरक की जरा आत." आजी म्हणाल्या, "आत कुठं सरकू बाबा, आत पत्राच हाय."

चौकशी केली तेव्हा समजले, की शेअर आजींच्या नावावर आहे. उसाची नोंद त्यांच्या नावावर आणि बिलही त्यांच्याच खात्यावर जमा होते.

गाडी घेताना आपण काय विचारतो? ॲव्हरेज किती देते, हप्ता किती बसेल, विकताना किंमत येईल का, चढाला ओढते का. हे सर्व विचारलेच पाहिजे, त्यात चूक नाही. पण शेवटच्या रांगेत बसणाऱ्याचे गुडघे कुठे जातात, हे विचारणारा सभासद आम्हांला अजून भेटायचा आहे. तेव्हा या अंकात इंजिनाची गोष्ट बाजूला ठेवून गाडीच्या आत शिरू.

आमच्या घरचीच चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी लागणीचे आणि खोडव्याचे बिल एकदम हातात आले, वर थोडे कर्ज काढले आणि गाडी घेतली. गाडीचे नाव छापत नाही, कारण दोष गाडीचा कमी आणि आमचा जास्त होता. आईने हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन आली. त्यानंतर दोन वर्षे कुठेही निघालो की तिचे उत्तर ठरलेले: "तुम्ही जावा, घर उघडं टाकून कसं चालंल?" आम्हांला वाटे, म्हातारपणी प्रवास नको होतो माणसाला. मग एकदा बहिणीकडे बारसे निघाले. आई म्हणाली, मी एस्टीनं येते. दारात गाडी उभी असताना ही एस्टीने जाणार म्हणून आम्ही चिडलो, तेव्हा ती बोलली. "एस्टीत पाय खाली सोडून बसता येतं रं. तुझ्या गाडीत माझं गुडघं हनुवटीला लागत्यात. उतरताना दोघांनी वढून काढावं लागतंय, चार माणसांत लाज वाटती."

तोवर कर्जाचे चोवीस हप्ते भरून झाले होते. गाडी सात जणांची म्हणून घेतली आणि घरात तिच्यात न बसणारे माणूस एकच, जिच्यासाठी दवाखान्याला लागेल म्हणून ती घेतली तेच.

त्यानंतर या विषयाचा आम्हांला नादच लागला. अंकाच्या कामातल्या आम्हां तिघांत एक जण सहा फुटी, एक भगिनी जेमतेम पाच फुटी आणि एक जण वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, गुडघ्याने अधू. तिघांनी ओळखीच्या सभासदांच्या गाड्यांत प्रत्येक रांगेत बसून पाहिले. काही जणांनी चहा पाजला, काहींना आमच्या डोक्याविषयी शंका आली.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की बाहेरून गाडी लांब असली म्हणजे आत ऐसपैस असतेच असे नाही. कंपन्यांचेच आकडे पाहा. २०१६ मध्ये आलेली इनोव्हा क्रिस्टा ४७३५ मिलिमीटर लांब आहे. २०१८ मध्ये दुसऱ्या पिढीची एर्टिगा आली ती ४३९५ मिलिमीटर. म्हणजे दोघींत फुटापेक्षा जास्त फरक. पण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर मोजाल तर क्रिस्टाचे २७५० आणि एर्टिगाचे २७४०. फरक फक्त १० मिलिमीटर, आपल्या करंगळीइतका. मग तो फूटभर गेला कुठे? त्यातला बराचसा पुढे बॉनेटखाली गेला. क्रिस्टाचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेले आहे आणि तिथून दांडा मागच्या चाकांना जातो. एर्टिगाचे इंजिन आडवे आणि ओढ पुढच्या चाकांना.

त्याच इनोव्हाच्या घरातली हायक्रॉस २०२२ च्या अखेरीस आली. तिच्यात इंजिन आडवे केले आणि ओढ पुढच्या चाकांना दिली. लांबी वाढली अवघी २० मिलिमीटर, ४७५५ झाली, पण आसांमधले अंतर १०० मिलिमीटरने वाढून २८५० झाले. माणसे बसतात ती मुख्यतः याच अंतरात. शेत किती एकराचे आहे ते सातबारा सांगतो, पण त्यात पड किती आणि लागणीखाली किती हे बांधावर गेल्याशिवाय कळत नाही, तसेच हे.

आता कोणी म्हणेल, मग एर्टिगा आणि क्रिस्टा सारख्याच झाल्या की! नाही. क्रिस्टा १८३० मिलिमीटर रुंद, एर्टिगा १७३५. मधल्या रांगेत तीन धट्टीकट्टी माणसे खांद्याला खांदा लावून बसली की या साडेनऊ सेंटिमीटरची किंमत कळते. उंचीतही क्रिस्टा दहा सेंटिमीटरने वरचढ आहे. आमच्या सहा फुटी सहकाऱ्याने फेटा बांधून दोन्हींत बसून पाहण्याची तयारी दाखवली होती, पण फेटा ऐन वेळी मिळाला नाही.

दुसरी गोष्ट चार मीटरची. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाने चार मीटरच्या आतल्या आणि ठरावीक क्षमतेपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. तेव्हापासून आपल्या देशात ही एक लक्ष्मणरेषाच होऊन बसली. जीएसटी आला तरी ती पुसली नाही. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेतही या रेषेच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के आणि बाहेरच्यांना ४० टक्के कर लागू झाला. साहजिकच कंपन्या गाड्या रेषेच्या आत बसवतात. बोलेरो २००० साली आली तेव्हा रेषेबाहेर होती, २०१६ मध्ये तिची लांबी ३९९५ वर आणली. २०१९ मध्ये आलेली ट्रायबर ३९९० ची. दोन्हींत माणसे सात. करात वाचलेले पैसे आपल्याला मिळतात हे खरे, पण चार मीटरमध्ये इंजिन, सात माणसे आणि त्यांचे सामान बसवायचे, तर कुणाला तरी अंग चोरावेच लागणार. कुणाला, ते तुम्ही घरातल्या घरात ठरवत असता.

ट्रायबरने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिची शेवटची रांग समोर तोंड करून आहे आणि ती सीट उचलून घरी ठेवता येते. सात जण बसल्यावर मागे सामानाला ८४ लिटर जागा उरते. लिटर म्हणजे काय ते दूध घालणाऱ्या सभासदाला सांगायला नको. संस्थेचे चाळीस लिटरचे दोन कॅन, संपले. मागच्या सीट काढल्या की तीच जागा ६२५ लिटर होते, म्हणजे पंधरा कॅनांहून अधिक. एर्टिगात सातही जण बसल्यावर २०९ लिटर, २०२२ च्या कॅरेन्समध्ये २१६. पाच कॅन समजा. तेव्हा विक्रेता एकाच दमात सांगतो, "सात माणसं बसतात आणि डिकी भरपूर आहे," तेव्हा त्याला थांबवून विचारावे, दोन्ही एका वेळी का? पंढरपूरला सात जण अंथरूण-पांघरूण, डबे आणि स्टोव्ह घेऊन निघाले की उत्तर आपोआप मिळते. बोचकी मांडीवर येतात.

शेवटच्या रांगेचे दुखणे मात्र जागेहून मोठे आहे. तिथे मागच्या चाकांचा आस खालून जातो, म्हणून तळ वर उचललेला असतो. तळ वर आला, पण छत तिथेच. मग सीट तळाला चिकटवून बसवावी लागते आणि बसणारा उकिडवा होतो. मांडीला खालून आधार राहत नाही, सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. ज्याने दिवसभर भांगलण केली आहे त्याला उकिडवे बसणे म्हणजे काय ते माहीत आहे. फरक इतकाच की शेतात माणूस मधूनमधून उठतो, गाडीत उठता येत नाही.

शिवाय आदळ. दोन्ही आसांच्या मधोमध बसलेल्याला खड्डा सर्वांत कमी लागतो, आसावर किंवा त्याच्या मागे बसलेला उडतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कुणी कुठे बसायचे हे लहान पोरांनाही ठाऊक असते. माणसाचे धड सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या वर-खाली हेलकाव्यांना सर्वांत हळवे असते, असे या विषयाचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची कंबर त्यामुळेच धरते. त्यात मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतील, जशा बोलेरोला आहेत, तर रिकामी गाडी जास्त आदळते आणि भरली की शांत होते. ओझ्यासाठी तीच स्प्रिंग चांगली, रस्ता वाईट असेल तर टिकतेही तीच. आपल्या वाडीवस्तीच्या रस्त्यांना बोलेरो उगाच प्रिय झालेली नाही. पण एकटी म्हातारी मागे बसवून रिकामी गाडी दामटू नये.

आडव्या बाकड्यांविषयी तर आमचे मत स्पष्ट आहे. ब्रेक दाबला की बसणारा कुशीवर कलंडतो आणि धक्का मानेला आडवा बसतो. बाहेरचे काही सरळ दिसत नाही, म्हणून कान एक सांगतात, डोळे दुसरेच आणि गाडी लागते. "आमच्या धाकटीला गाडी लागते" म्हणून लिंबू हुंगायला देणाऱ्यांनी तिला एकदा मधल्या रांगेत खिडकीशी बसवून पाहावे. टाटा सुमो १९९४ मध्ये आली, २०१९ पर्यंत चालली आणि तिने गावोगावची वऱ्हाडे वाहिली. मागच्या बाकड्यावर चार जणांत सहा बसून गेलेले आम्ही सर्वच आहोत. तेव्हा मजा वाटली, पण तेव्हा वय वीस होते.

आता बैठकीविषयी. ॲम्बॅसिडरची मागची सीट अजून लोकांच्या तोंडी आहे. ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती आणि तिचा मूळ नमुना इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. आजच्या मानाने तिच्यात काय होते? पंख्याची हवा आणि सीटवर टाकलेला पांढरा टॉवेल. पण सीट तळापासून उंच होती, खुर्चीत बसावे तसे पाय खाली सुटत आणि दार मोठे होते. आईने एस्टीबद्दल सांगितले ते हेच. पाय खाली सुटले पाहिजेत. आमच्या निवृत्त सहकाऱ्यांनी एका जुन्या ॲम्बॅसिडरमध्ये बसल्यावर उतरायला दहा मिनिटे नकार दिला.

मऊ गादीला भुलू नये. दुकानात पाच मिनिटे बसल्यावर मऊ फोम गोड लागतो. दीड तासाने त्यातच माणूस रुततो, हाडे खालच्या पत्र्याकडे जातात आणि कूस बदलणे सुरू होते. थोडा घट्ट फोम आणि मांडीखाली पुरेशी लांब बैठक, ही जोडी बरी. पाठीबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. पाठ न टेकता बसल्यावर तो उभे असतानापेक्षा जास्त भरला, आणि पाठ मागे रेलली की उतरला. म्हणून मधल्या आणि शेवटच्या रांगेची पाठ मागे कलते का, हे हाताने ओढून पाहावे. नुसते "कलते" म्हणून सांगितल्यावर मान डोलावू नये.

गाडी बघायला जाल तेव्हा दुकानातली एक खुबी लक्षात ठेवा. मधली रांग दाखवताना पुढची सीट पार पुढे सारलेली असते आणि शेवटची दाखवताना मधली. हे बांध सरकवण्यासारखे आहे. एकाची जमीन वाढते ती शेजाऱ्याची घटते. तेव्हा घरातल्या सर्वांत उंच माणसाने आधी चालकाच्या जागी बसून सीट आपल्या पायांना बेतशीर करावी आणि ती न हलवता स्वतःच्या मागे जाऊन बसावे. मग तिथली सीट बेतशीर करून त्याच्याही मागे. प्रत्येक ठिकाणी गुडघा आणि पुढची सीट यांत एक मूठ जाते का, डोके आणि छत यांत चार बोटे राहतात का, पायाचा चवडा पुढच्या सीटखाली शिरतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. मांडीखाली हात घालून पाहा. सीटची कड गुडघ्याच्या दोन-तीन बोटे अलीकडे संपली तर ठीक, वीतभर आधीच संपली तर लांबच्या प्रवासाला ती सीट नव्हे.

आणि चढून पाहणे. हे काम तरण्या पोरांचे नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाच बरोबर न्यावे, आणि भगिनींनी नऊवारी किंवा साडी नेसूनच जावे, कारण गाडीत चढायचे आहे ते साडीतच. उंच गाडीला पायरी आणि दाराच्या खांबाला मूठ हवी. फार बुटक्या गाडीत उलट होते, बसणे म्हणजे विहिरीत उतरणे आणि उठणे म्हणजे वर चढणे. सीट बसणाऱ्याच्या कमरेच्या जरा खाली आली की नुसते टेकून पाय आत घेता येतात. शेवटच्या रांगेत जायला मधली सीट दुमडावी लागते. ती दुमडायला एक हात पुरतो का, आणि दुमडल्यावर आजी वाकून आत जाऊ शकतात का? मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असतील तर मधून वाट मिळते, पण एक माणूस कमी बसतो. सहा माणसांचे घर असेल तर ती सोय आम्हांला जास्त पसंत पडली.

थोडे जुन्या गाड्यांविषयी. पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीत फोम एका बाजूने बसलेला असतो, सहसा चालकाच्या आणि मधल्या रांगेत डावीकडच्या. हाताने दाबून दोन्ही बाजू ताडून पाहा. नवीन फोम भरून घेणे फार खर्चाचे नाही, पण कव्हर शिवून घेताना एक जपा. ज्या गाडीत सीटच्या कुशीत हवेची पिशवी आहे, तिथे तिच्यावरून घट्ट कव्हर चढवले तर ऐन वेळी ती फुगायला अडते. रेक्झिन दिसायला झकास, पण एप्रिलमध्ये फडात उभ्या केलेल्या गाडीत बसून पाहा. आणि कंपनीचे प्लास्टिक वर्षभर न काढणाऱ्यांना आम्ही काय सांगावे! घामाने पाठ चिकटते ती पाहुण्याची.

पट्ट्याचा मुद्दा दंडापुरता नाही, तरी दंड सांगून ठेवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा नसल्यास एक हजार रुपये, आणि नियम मागच्या सीटलाही आहे. गाडीत जितके पट्टे तितकीच माणसे, असा हिशोब धरला तर सभेच्या दिवशी पाहिलेल्या त्या गाडीतली निदान दोन माणसे तरी दुसऱ्या गाडीने गेली असती.

आईचे काय झाले, असे या लेखाचा कच्चा मसुदा वाचलेल्या दोघांनी विचारले. आम्ही गाडी बदलली नाही, हप्ते चालू होते. तिची जागा बदलली. मधल्या रांगेत डाव्या दाराशी आता ती बसते आणि आमचे बंधुराज मागे. सुताराकडून नऊ इंच उंचीचे एक लाकडी स्टूल करून घेतले, त्याला वर पकडायला सुंभाची दोरी बांधली. आई त्यावर पाय देऊन सीटवर टेकते, मग पाय आत घेते. गेल्या माघात पंढरपूर झाले, चैत्रात जोतिबा झाला. बंधुराजांनी दोन वेळा कमरेची तक्रार केली आहे. स्टूल गाडीतच असते, आई बसली की दोरीने ते उचलून आत घ्यायचे काम धाकट्या नातवाकडे आहे, आणि एकदा तो ते तुळजापूरच्या वाहनतळावर विसरून आला, तेव्हा दुसरे करावे लागले.